प्रतिजैविक देण्यापूर्वी फिटचा इतिहास विचारला का?

अपस्मार, पक्षाघात किंवा मेंदूला पूर्वी झालेली इजा असलेल्या रुग्णांमध्ये काही प्रतिजैविकांमुळे फिट येण्याची शक्यता वाढते. हा धोका बहुतेक वेळा आधी ओळखता येतो आणि टाळताही येतो. त्यासाठी रुग्णाचा पूर्वेतिहास, त्याची चालू औषधे आणि मूत्रपिंडाचा अहवाल ही माहिती औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांसमोर एकाच वेळी असायला हवी.

घसा दुखू लागला, ताप आला, लघवीला जळजळ झाली किंवा जुलाब थांबेनात, की शहरातील माणूस घराजवळच्या दवाखान्यात जातो. तीन किंवा पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात. त्यांत अनेकदा एखादे प्रतिजैविक, म्हणजेच अँटिबायोटिक असते. बहुतेकांच्या बाबतीत विषय तेथेच संपतो. परंतु या रुग्णाला अपस्मार असेल, तर त्याच्या प्रकृतीची सगळी माहिती त्या दवाखान्यात असतेच असे नाही. फिटच्या गोळ्या मेंदूविकारतज्ज्ञांनी लिहून दिलेल्या असतात, मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे दुसऱ्या डॉक्टरांची असतात, क्रिएटिनिनचा अहवाल घरातील कपाटात असतो आणि अंगदुखीची गोळी थेट दुकानातून आणलेली असते. प्रत्येकाजवळ थोडी माहिती असते. सगळी माहिती बहुधा कोणाजवळच नसते. प्रतिजैविकांमुळे फिट येण्याच्या कित्येक घटनांचे मूळ या विखुरलेल्या माहितीत असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे. भारतातील अशा रुग्णांची संख्या एक कोटीहून अधिक असावी, असे मानले जाते. याखेरीज पक्षाघातातून बरे झालेले, डोक्याला मार लागलेले, मेंदूत गाठ असलेले किंवा मेंदूज्वर होऊन गेलेले रुग्ण वेगळेच. या सर्वांच्या मेंदूत फिट येण्याची मर्यादा निरोगी माणसापेक्षा खाली आलेली असते. औषधाचा जो परिणाम इतरांना जाणवतही नाही, तो या रुग्णांना पुरेसा ठरू शकतो.

संसर्ग हाच पहिला धोका

प्रतिजैविकांविषयी बोलण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अपस्माराच्या रुग्णाला संसर्ग झाला, तर फिट येण्याचे पहिले कारण तो संसर्गच असू शकतो. ताप, अपुरी झोप, उलट्यांमुळे पोटात न टिकलेली फिटची गोळी, जुलाबांमुळे कमी झालेले क्षार यांपैकी कोणतेही कारण फिट येण्यास पुरेसे असते. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील काही मुलांना तर केवळ तापामुळे आकडी येते. त्यामुळे औषध सुरू असताना फिट आली, म्हणजे ती औषधानेच आली असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही.

याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. भीतीपोटी प्रतिजैविक घेण्याचे टाळणे किंवा सुरू केलेले औषध स्वतःहून मध्येच बंद करणे हे अनेकदा अधिक घातक ठरते. न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाचा गंभीर संसर्ग उपचारांविना वाढला, तर त्यातून येणारी फिट आवरणे कठीण असते. नेहमीच्या मात्रेत तोंडाने घेतलेले अॅमॉक्सिसिलिनसारखे औषध अपस्माराच्या बहुसंख्य रुग्णांना सुरक्षितपणे दिले जाते. खरा प्रश्न कोणते औषध, किती मात्रेत, कोणत्या रुग्णाला आणि कोणत्या दुसऱ्या औषधाबरोबर, हा असतो.

मेंदूतील ब्रेक सैल होतो

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना सतत विद्युत संदेश देत असतात. या संदेशांना आवर घालण्याचे काम ‘गॅबा’ नावाचे रसायन करते. वाहनाला ब्रेक असतो, तसेच हे काम. ब्रेक सैल झाला, की असंख्य चेतापेशी एकाच वेळी उद्दीपित होतात आणि फिट येते. फिटवरील अनेक औषधे हा ब्रेक घट्ट करतात. काही प्रतिजैविके तो सैल करतात.

पेनिसिलिनचा हा गुण वैद्यकशास्त्राला फार लवकर समजला. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचा वापर सुरू झाला आणि १९४५ मध्येच अमेरिकेतील वॉकर व जॉन्सन या संशोधकांनी ते थेट मेंदूच्या संपर्कात आल्यास झटके येतात, हे दाखवून दिले. पुढे प्राण्यांमध्ये प्रयोगासाठी अपस्मार निर्माण करायचा असेल, तर पेनिसिलिन वापरण्याची पद्धतच प्रयोगशाळांत रूढ झाली. पेनिसिलिनच्या रेणूतील ‘बीटा-लॅक्टम’ ही कडी गॅबाच्या कामात अडथळा आणते. सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम या गटांतील औषधांतही हीच कडी असते.

सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही नावे शहरी वाचकांच्या परिचयाची आहेत. हा फ्लुरोक्विनोलोन गट गॅबाचा परिणाम कमी करतोच, शिवाय चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेलाही चालना देतो, असे मानले जाते. म्हणूनच या औषधांच्या माहितीपत्रकात अपस्माराच्या रुग्णांबाबत सावधगिरीचा इशारा असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये आणखी एक सूचना केली. सायनसचा संसर्ग, ब्राँकायटिस आणि मूत्रमार्गाचा साधा संसर्ग यांसाठी दुसरा पर्याय असेल, तर हा गट वापरू नये, असे तिने सांगितले. त्यामागे स्नायुबंध, नसा आणि मेंदू यांवरील गंभीर दुष्परिणामांचा विचार होता.

मेट्रोनिडाझोल हे जुलाबांवर आणि दातांच्या संसर्गावर सर्रास दिले जाणारे औषध. ते काही दिवस घेतल्याने सहसा त्रास होत नाही. मात्र दीर्घकाळ आणि मोठ्या मात्रेत घेतल्यास हातापायांना मुंग्या येणे, बोलणे अडखळणे, चालताना तोल जाणे, क्वचित फिट येणे असे परिणाम होऊ शकतात. औषध वेळीच थांबवले, तर मेंदूवरील परिणाम बहुतेक रुग्णांत ओसरतात. तेव्हा मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून तीच गोळी पुन्हा पुन्हा आणण्याची सवय येथे महागात पडू शकते.

मूत्रपिंडाचा अहवाल का पाहायचा?

बीटा-लॅक्टम गटातील बरीचशी औषधे मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर पडतात. मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल आणि मात्रा मात्र नेहमीचीच दिली, तर औषध रक्तात साचत जाते. रक्तातून ते मेंदूत पोहोचते. मेंदूला जुनी इजा असेल किंवा मेंदूज्वर असेल, तर मेंदूचे संरक्षण करणारा पडदाही कमजोर झालेला असतो आणि औषधाला वाट सोपी होते.

सेफेपिम हे चौथ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन या संदर्भात सर्वाधिक चर्चेत आले. रुग्णालयात शिरेतून दिले जाणारे हे औषध बहुतांशी मूत्रपिंडावाटे जसेच्या तसे बाहेर टाकले जाते. अमेरिकेत १९९६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. जून २०१२ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांसाठी इशारा प्रसिद्ध केला. तोपर्यंत या औषधाच्या वापरादरम्यान सलग, पण झटके न दिसणारी फिट आल्याच्या ५९ घटनांची नोंद झाली होती. त्यांतील बहुतेक रुग्णांचे मूत्रपिंड नीट काम करीत नव्हते आणि त्या प्रमाणात औषधाची मात्रा कमी केलेली नव्हती.

‘झटके न दिसणारी फिट’ ही कल्पना सर्वसामान्यांना अपरिचित आहे. फिट म्हटले, की हातपाय आखडणे, तोंडाला फेस येणे, शुद्ध हरपणे हे चित्र डोळ्यांसमोर येते. या प्रकारात तसे काहीच होत नाही. रुग्ण गोंधळलेला दिसतो, शून्यात पाहत राहतो, नातेवाइकांना ओळखत नाही, विचारलेल्या प्रश्नाला असंबद्ध उत्तर देतो किंवा गुंगीत राहतो. कधी हाताच्या किंवा चेहऱ्याच्या स्नायूंना बारीक झटके बसत असतात. औषध सुरू झाल्यावर साधारण चार-पाच दिवसांत हा बदल दिसू लागतो. आत मेंदूत मात्र फिट अखंड सुरू असते आणि ती केवळ ईईजी तपासणीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखात दिसते.

रुग्ण सत्तरीचा असेल, तर वयामुळे किंवा तापामुळे असे होत असावे, अशी सर्वांचीच समजूत होते आणि निदान लांबते. वास्तविक निदान झाल्यास उपाय हाताशी असतो. औषध बंद केले किंवा बदलले आणि गरज पडल्यास डायलिसिस केले, तर बहुतेक रुग्ण काही दिवसांत पूर्ववत होतात. ‘आजी परवापर्यंत नीट बोलत होत्या, कालपासून असे होते आहे’ हे नातेवाइकांनी डॉक्टरांना ठामपणे सांगितलेले वाक्य अशा वेळी फार मोलाचे असते.

येथे आणखी एक सापळा आहे. क्रिएटिनिनचा आकडा अहवालात ‘नॉर्मल’ दिसला, म्हणजे मूत्रपिंड ठणठणीत आहे असे नसते. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. किरकोळ अंगकाठीच्या वृद्ध स्त्रीच्या शरीरात स्नायू कमी असल्याने मूत्रपिंडाची क्षमता निम्म्यावर येऊनही आकडा मर्यादेतच राहू शकतो. म्हणून वय, वजन आणि लिंग लक्षात घेऊन मूत्रपिंडाची कार्यक्षमता मोजण्याची सूत्रे वापरली जातात आणि प्रतिजैविकाची मात्रा त्यावरून ठरते. रुग्णालयात दाखल होताना रुग्णाचे नेमके वजन सांगणे त्यामुळे उपयोगाचे असते.

दोन औषधांची गाठ

प्रतिजैविकाचा मेंदूवर थेट परिणाम न होताही फिट येऊ शकते. फिटवरील औषध आणि प्रतिजैविक यांची शरीरात गाठ पडते आणि एक दुसऱ्याला निकामी करते किंवा वाढवून ठेवते.

यातील सर्वांत ठळक उदाहरण सोडियम व्हॅल्प्रोएटचे आहे. अपस्मारावर आणि काही मानसिक आजारांवर हे औषध मोठ्या प्रमाणावर दिले जाते. रुग्णालयातील गंभीर संसर्गावर मेरोपेनेम, इमिपेनेम, एर्टापेनेम ही कार्बापेनेम गटातील इंजेक्शने दिली जातात. ही दोन्ही एकत्र आली, की रक्तातील व्हॅल्प्रोएटची पातळी साधारण दोन दिवसांत ६० ते १०० टक्क्यांनी घसरते. वर्षानुवर्षे ज्याला फिट आलेली नाही, असा रुग्ण अतिदक्षता विभागात न्यूमोनियातून सावरत असताना त्याला अचानक फिट येऊ लागतात, त्यामागे हे कारण असू शकते.

शरीरात व्हॅल्प्रोएटचे एका निष्क्रिय संयुगात रूपांतर होत असते आणि त्यातील काही भाग एका विकराच्या साहाय्याने पुन्हा मूळ औषधात बदलत असतो. कार्बापेनेम हा विकरच रोखून धरते, असे संशोधनातून दिसून आले आहे. म्हणूनच व्हॅल्प्रोएटची मात्रा वाढवूनही पातळी पुरेशी वर येत नाही. कार्बापेनेम बंद केल्यानंतर ती पूर्ववत व्हायला एक-दोन आठवडे लागू शकतात. यावर दोनच मार्ग आहेत. शक्य असेल तर दुसऱ्या गटातील प्रतिजैविक निवडायचे. ते शक्य नसेल, तर त्या काळापुरते लेव्हेटिरॅसिटामसारखे दुसरे फिटविरोधी औषध जोडायचे. दोन्ही मार्ग सोपे आहेत. पण रुग्ण व्हॅल्प्रोएट घेतो, हे दाखल होतानाच कळले तरच.

उलट दिशेनेही घोटाळा होतो. कार्बामाझेपिन हे अपस्मारावरील आणि चेहऱ्याच्या नसेच्या तीव्र वेदनांवरील जुने, खात्रीचे औषध. यकृतातील एक विकर त्याचा निचरा करतो. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही घसा व छातीच्या संसर्गावरील औषधे हाच विकर रोखतात. परिणामी कार्बामाझेपिन रक्तात वाढत जाते. दोन-तीन दिवसांत रुग्णाला गरगरते, एकाचे दोन दिसू लागतात, मळमळते, चालताना तोल जातो. घरच्यांना वाटते की अशक्तपणा आला. याच कुळातील अॅझिथ्रोमायसिनचा कार्बामाझेपिनवर फारसा परिणाम होत नाही, म्हणजे पर्याय उपलब्ध असतो.

एप्टॉइन या नावाने परिचित असलेल्या फेनिटॉइनचे गणित तर अधिकच नाजूक आहे. एका मर्यादेपर्यंत शरीर त्याचा निचरा करते. ती मर्यादा ओलांडली, की मात्रेत किंवा निचऱ्यात थोडासा फरक पडूनही रक्तातील पातळी एकदम उसळते. क्लोरॅम्फेनिकॉल, को-ट्रायमॉक्साझोल आणि क्षयरोगावरील आयसोनियाझिड ही औषधे फेनिटॉइनची पातळी वाढवू शकतात. फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णाच्या चालण्या-बोलण्यात अचानक फरक पडला, तर रक्तातील पातळी तपासून घेणे इष्ट.

क्षयरोगाचा विशेष विचार

जगातील क्षयरुग्णांपैकी जवळपास एक चतुर्थांश भारतात आहेत. साहजिकच अपस्मार आणि क्षयरोग एकाच व्यक्तीला असणे येथे दुर्मीळ नाही. मेंदूतील क्षयाच्या गाठी आणि क्षयजन्य मेंदूज्वर यांमुळे स्वतंत्रपणेही फिट येतात. अशा वेळी दोन्ही उपचार एकत्र चालवावे लागतात.

रिफाम्पिसिन हे क्षयरोगावरील प्रमुख औषध यकृताचा निचऱ्याचा वेग वाढवते. त्यामुळे फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन या सर्वांची पातळी घटू शकते. आयसोनियाझिड नेमके उलट करते. ते फेनिटॉइन व कार्बामाझेपिनचा निचरा मंदावते. दोन्ही औषधे एकाच गोळीत असल्याने कोणत्या रुग्णात कोणाचा जोर चालेल, हे आधी सांगता येत नाही. आयसोनियाझिडचा निचरा प्रत्येकाच्या शरीरात जन्मजात वेगवेगळ्या वेगाने होतो, हेही त्याचे एक कारण. उपचार सुरू करताना, पहिल्या काही आठवड्यांत आणि उपचार संपल्यावरही फिटच्या औषधांचा फेरआढावा घ्यावा लागतो. शेवटचा टप्पा विशेष दुर्लक्षित राहतो. रिफाम्पिसिन थांबल्यावर साधारण दोन आठवड्यांत यकृत पूर्वपदावर येते आणि मधल्या काळात वाढवलेली फिटच्या गोळीची मात्रा तेव्हा जास्त होऊ लागते.

आयसोनियाझिडचा आणखी एक परिणाम ‘ब-६’ जीवनसत्त्वावर होतो. हे जीवनसत्त्व कमी पडले, की मेंदूत गॅबा तयार होणे घटते. नेहमीच्या मात्रेत याचा परिणाम बहुधा हातापायांच्या मुंग्यांपुरता असतो. पण चुकून किंवा जाणूनबुजून जास्त गोळ्या घेतल्या गेल्यास न थांबणाऱ्या फिट येतात आणि त्यावर उतारा म्हणून ‘ब-६’ म्हणजे पायरिडॉक्सिनच मोठ्या मात्रेत द्यावे लागते. घरात लहान मुले असतील, तर क्षयाच्या गोळ्या कुलपात ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या काही उपचारक्रमांत सायक्लोसेरिन वापरले जाते. ते अपस्माराच्या रुग्णांना शक्यतो देत नाहीत.

या सगळ्याचा अर्थ अपस्माराच्या रुग्णाने क्षयरोगाचे उपचार टाळावेत असा मुळीच नाही. क्षयरोगाचा उपचार अर्धवट सोडणे प्राणावर बेतू शकते. मेंदूविकारतज्ज्ञ आणि क्षयरोग केंद्रातील डॉक्टर या दोघांना एकमेकांची चिठ्ठी दाखवणे, एवढीच येथे अपेक्षा आहे.

पावसाळ्यातील गोळी आणि अंगदुखीची गोळी

मुंबईकरांसाठी एक मुद्दा जिव्हाळ्याचा आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. तेव्हापासून साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यावे, हा सल्ला पावसाळ्यात वारंवार दिला जातो. डॉक्सिसायक्लिनमुळे फिट वाढल्याचा अनुभव विशेष नाही. परंतु फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन ही फिटवरील औषधे डॉक्सिसायक्लिनचाच निचरा वेगाने करतात. फिनलंडमधील संशोधकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले होते, की फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या रक्तातून डॉक्सिसायक्लिन जवळपास दुप्पट वेगाने कमी होते. म्हणजे येथे धोका फिटचा नसून, प्रतिजैविकाचे संरक्षण अपुरे पडण्याचा आहे. अशा रुग्णांनी शेजाऱ्याने घेतली तशीच गोळी घेऊन निश्चिंत राहण्यापेक्षा मात्रा किंवा पर्यायी औषधाबद्दल डॉक्टरांना विचारणे योग्य.

तापाबरोबर अंगदुखी येते आणि वेदनाशामक गोळी घेतली जाते. १९८० च्या दशकात जपानमध्ये एनॉक्सासिन हे क्विनोलोन गटातील औषध आणि फेनबुफेन हे वेदनाशामक एकत्र घेतलेल्या रुग्णांना फिट आल्याच्या घटना समोर आल्या. या विशिष्ट जोडीत धोका अधिक असला, तरी क्विनोलोन गटाच्या माहितीपत्रकांत आजही आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा वेदनाशामकांबाबत सावधगिरी सुचवलेली असते. फिटची प्रवृत्ती असलेल्यांना ताप व अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल हा तुलनेने सुरक्षित पर्याय असतो.

दम्याच्या रुग्णांनीही येथे लक्ष द्यायला हवे. थिओफिलिन हे दम्यावरील जुने औषध अजूनही अनेकजण घेतात. सिप्रोफ्लॉक्सासिन त्याचा निचरा रोखते. थिओफिलिनची पातळी वाढली, तर छातीत धडधड, उलट्या आणि शेवटी फिट येते. पूर्वी कधीही फिट न आलेल्या माणसालाही हा प्रकार होऊ शकतो.

फिटशी संबंधित नसलेला, परंतु तितकाच गंभीर एक आजार म्हणजे मायस्थेनिया ग्रेव्हिस. यात नसांकडून स्नायूंना मिळणारा संदेश क्षीण होतो. पापण्या पडतात, गिळताना आणि बोलताना त्रास होतो. क्विनोलोन, मॅक्रोलाइड आणि जेंटामायसिन, अमिकासिन या गटांतील प्रतिजैविकांनी हा आजार अचानक बळावून श्वासाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात. या रुग्णांनी टाळायच्या औषधांची यादी कायम जवळ बाळगावी.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने २०१३ मध्ये औषधविषयक नियमांत ‘एच-१’ ही नवी अनुसूची आणली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. तीत ४६ औषधांचा समावेश करण्यात आला. सेफिक्झिम, सेफ्ट्रिअॅक्सोन, सेफेपिम, लिव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम आणि क्षयरोगावरील प्रमुख औषधे त्यांत आहेत. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. डॉक्टर व रुग्ण यांची नावे आणि दिलेले औषध यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपून ठेवणे केमिस्टवर बंधनकारक आहे. पाकिटावरील लाल उभी रेघ म्हणजे चिठ्ठीविना घेऊ नये असे औषध, हे सांगणारी मोहीमही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये हाती घेतली होती.

या नियमांचा मुख्य हेतू औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंना आळा घालणे हा आहे. मेंदूविकाराच्या रुग्णासाठी मात्र त्यांचे आणखी एक मोल आहे. चिठ्ठी मागितली जाते, तेव्हा ‘आणखी कोणती औषधे चालू आहेत?’ हा प्रश्न विचारला जाण्याची एक संधी निर्माण होते. गोळी परस्पर हातात पडली, की ती संधी जाते.

रुग्ण आणि नातेवाइकांनी काय करावे?

चालू औषधांची नावे, मात्रा आणि वेळ लिहिलेला कागद पाकिटात किंवा मोबाइलमध्ये ठेवावा. कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचे नाव लिहावे, कारण एकच औषध अनेक नावांनी विकले जाते. त्याच कागदावर शेवटची फिट कधी आली, मूत्रपिंडाचा शेवटचा अहवाल कोणत्या तारखेचा आणि रुग्णाचे वजन किती, या नोंदी असाव्यात. दातांच्या डॉक्टरांकडे जातानाही हा कागद न्यावा.

नवे प्रतिजैविक लिहून दिले गेल्यास ‘मला फिटचा त्रास आहे आणि ही गोळी चालू आहे, दोन्ही एकत्र चालतील ना?’ असे स्पष्ट विचारावे. आजारपणातही फिटची गोळी चुकवू नये. गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात उलटी झाली, तर काय करायचे हे मेंदूविकारतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवावे. प्रतिजैविक सुरू झाल्यावर गोंधळलेपणा, असंबद्ध बोलणे, अति गुंगी, स्नायूंना झटके, एकाचे दोन दिसणे किंवा तोल जाणे यांपैकी काही आढळले, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा. औषध बंद करायचे, बदलायचे की मात्रा कमी करायची, हा निर्णय त्यांचा.

प्रत्यक्ष फिट आलीच, तर रुग्णाला कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालणे, पाणी पाजणे, हातपाय दाबून धरणे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे यांतील काहीही करू नये. फिट पाच मिनिटांहून अधिक चालली, लागोपाठ दुसरी आली किंवा रुग्ण शुद्धीवर येत नसेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कोणते प्रतिजैविक, कधीपासून आणि किती मात्रेत सुरू आहे, हे तेथे आवर्जून सांगावे.

औषधाच्या दुष्परिणामाची शंका असल्यास त्याची नोंद सर्वसामान्य नागरिकही करू शकतो. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला असून, गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे काम पाहतो. १८००-१८०-३०२४ हा त्याचा नि:शुल्क दूरध्वनी क्रमांक आहे आणि रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे. सेफेपिमबाबतचा २०१२ मधील इशारा अशाच एकेका नोंदीतून आकाराला आला होता. एका रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकाने केलेली नोंद पुढच्या रुग्णाची मात्रा ठरवताना उपयोगी पडते.